रेघांनी भरलेली भिंत, आकड्यांनी लावलेली केळी

घराचा नकाशा पहिल्यांदा हातात घेणारा माणूस बहुधा दोन प्रश्न विचारतो. भिंतीच्या पोटात या तिरप्या रेघा कशासाठी भरल्या आहेत? आणि एवढ्या सारख्या रेघा काढत बसलं कोण?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकू, कारण ते छोटं आहे. कुणीच बसलं नाही. नकाशा करणाऱ्याने भिंतीची हद्द काढली, त्या हद्दीच्या आत एकदा टिचकी मारली आणि संगणकाने आतली जागा भरून टाकली. याला ड्राफ्ट्समन मंडळी हॅच म्हणतात. त्याच नकाशात एकसारखे खांब, खिडक्या किंवा झाडं ओळीने उभी दिसली, तर तिथे दुसरी आज्ञा वापरलेली असते, तिचं नाव ॲरे. एक वस्तू काढायची आणि ती किती वेळा, किती अंतरावर हवी ते आकड्यांत सांगायचं.

दोन्ही आज्ञा कागदावर सारखंच दृश्य उभं करतात: काहीतरी पुन्हा पुन्हा येतं. म्हणूनच नवशिक्यांचा गोंधळ उडतो. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि हे वेगळेपण समजून घ्यायला बुऱ्हाणपूर जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यातून वेगळा झालेला हा मध्य प्रदेशातला जिल्हा. तापीच्या खोऱ्यातला, रावेरला लागून असलेला. इथे केळीच्या बागा आहेत, शहरात यंत्रमाग आहेत आणि जमिनीखाली चारशे वर्षांपूर्वीची, ओळीने खोदलेल्या विहिरींची पाणीव्यवस्था आहे. ठरावीक अंतरावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं ही इथली रोजची बाब. या प्रकरणातली उदाहरणं म्हणून जसोंडी गावाजवळचं एक शेत कल्पनेने घेऊ आणि लागेल तिथे शहरातही जाऊन येऊ.

१. रेघांची भाषा

नकाशात भिंत दिसते ती आपण समोर उभं राहून पाहतो तशी नव्हे. घर जमिनीपासून साधारण खिडकीच्या उंचीवर आडवं कापलं आणि वरचा भाग उचलून बाजूला ठेवला, तर वरून जे दिसेल ते नकाशात असतं. म्हणजे भिंत कापली गेली आहे. जिथे वस्तू कापली गेली, तिथे आत काय आहे ते सांगावं लागतं, आणि ते काम रेघा करतात. वीटकामाला तिरप्या समांतर रेघा, काँक्रीटला ठिपके आणि बारीक त्रिकोणी खडे, लाकडाला रेषांची नागमोडी नस. भारतात हे संकेत भारतीय मानक ब्यूरोने ठरवून दिले आहेत. इमारतींच्या नकाशांसाठी आयएस ९६२ हे मानक आहे, आणि अभियांत्रिकी रेखांकन शिकणाऱ्यांसाठी एसपी ४६ ही पुस्तिका.

रेघा बहुधा ४५ अंशांत का? भिंती आडव्या-उभ्या असतात. त्यांच्याच दिशेने रेघा भरल्या, तर भिंतीची कड कुठली आणि भरण कुठलं हे कळणार नाही. तिरपी रेघ कडेत मिसळून जात नाही. शिवाय ड्रॉइंग बोर्डाच्या काळात ४५ अंशांचा सेटस्क्वेअर प्रत्येकाच्या हाताशी असे. दोन वेगळे भाग एकमेकांना लागून कापले गेले, तर एकात रेघा उजवीकडे झुकवायच्या, दुसऱ्यात डावीकडे, किंवा रेघांमधलं अंतर बदलायचं. एवढ्यावरून वाचणाऱ्याला कळतं की इथे दोन तुकडे जोडले आहेत.

रेघांना अर्थ देण्याची युक्ती संगणकाहून फार जुनी आहे. युरोपात छपाई काळ्या शाईची होती, तेव्हा राजघराण्यांच्या ढालींवरचे रंग पुस्तकात दाखवायचे कसे, हा प्रश्न होता. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट धर्मगुरूच्या १६३८ च्या ग्रंथाने जी पद्धत रूढ केली, तिच्यात आडव्या रेघा म्हणजे निळा, उभ्या म्हणजे लाल, ठिपके म्हणजे सोनेरी. आजही ती पद्धत वापरात आहे. शोभेसाठी भरलेली जागा आणि माहितीसाठी भरलेली जागा यांतला फरक त्यातून स्पष्ट होतो. नकाशातला हॅच दुसऱ्या प्रकारात मोडतो. तो चुकला तर नकाशा नुसता कुरूप होत नाही, खोटा होतो. वीटकामाच्या जागी काँक्रीटचे ठिपके पडले की वाचणारा तिथे काँक्रीट धरून चालतो.

२. हद्द आणि तिच्यातली भेग

हॅचला पहिली गोष्ट लागते ती हद्द, आणि ती बंद हवी. वाफ्यात पाणी सोडल्यावर बांधाला कुठे उंदराचं बीळ असेल, तर पाणी वाफ्यात थांबत नाही, शेजारच्या सरीत पसरतं. हॅचचंही तसंच. भिंतीच्या दोन रेषा कोपऱ्यात एकमेकींना भिडल्यासारख्या दिसतात, पण मोठं करून पाहिलं तर मध्ये केसाएवढी फट असते. मग संगणक एक तर भरायला नकार देतो, नाहीतर शेजारच्या खोलीसह भलतीच जागा भरून टाकतो. ऑटोकॅडसारख्या प्रणालीत अमुक मापापर्यंतची फट बंद समजावी अशी मुभा देता येते. ती मुभा जपून द्यावी. फट दुर्लक्षित करण्यापेक्षा दोन्ही रेषा नीट भिडवणं चांगलं, कारण पुढे त्याच रेषांवरून मापं काढली जातात.

संगणकाला आत आणि बाहेर कळतं तरी कसं? त्याला नकाशा डोळ्यांनी दिसत नाही. त्याच्याकडे फक्त रेषांचे आकडे असतात. म्हणून तो मोजतो. तुम्ही टिचकी मारली त्या बिंदूपासून एका दिशेने सरळ बाहेर जायचं आणि वाटेत हद्दीच्या किती रेषा ओलांडल्या ते पाहायचं. संख्या विषम आली तर बिंदू आत, सम आली तर बाहेर.

जसोंडीच्या शेतात हे करून पाहा. चौकोनी शेत आहे, मध्यभागी गोल विहीर आहे. विहीर आणि बांध यांच्यामध्ये उभं राहून बांधाकडे चालत गेलं, तर एक रेषा ओलांडली जाते. एक म्हणजे विषम, म्हणून ही जागा भरायची. विहिरीच्या आत उभं राहून तसंच बाहेर पडलं, तर आधी विहिरीचा काठ, मग बांध, अशा दोन रेषा. दोन म्हणजे सम, म्हणून विहीर मोकळी ठेवायची. विहिरीत मोटरसाठी बांधलेला ओटा असेल, तर त्यावरून बाहेर जाताना तीन रेषा लागतात आणि ओटा पुन्हा भरला जातो. नकाशातल्या अशा आतल्या आकारांना बेट म्हणतात. कितीही बेटं असोत, हिशेब हाच.

आजची ही सोय एका दिवसात आलेली नाही. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आलं. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हद्दीची एकेक रेषा निवडून द्यावी लागे आणि सगळी टोकं तंतोतंत जुळावी लागत. आत टिचकी मारून हद्द शोधायची सोय १९९२ च्या बाराव्या आवृत्तीत आली. १९९४ च्या तेराव्या आवृत्तीपासून हॅच हद्दीशी बांधलेला राहू लागला. म्हणजे भिंत सरकवली की भरणही तिच्यामागे सरकतं. त्याआधी खोली फूटभर वाढवली की जुना हॅच पुसून नवा घालावा लागे.

३. अख्खी भिंत दोन ओळींत

आता खरी गंमत. फाइलमध्ये हॅचच्या हजार रेघा साठवलेल्या नसतात. साठवलेला असतो रेघा काढण्याचा नियम, आणि तो फार आटोपशीर असतो. रेघांच्या एका कुटुंबासाठी इतकंच सांगावं लागतं: रेघ किती अंशांत, ती कुठल्या बिंदूतून सुरू, पुढची रेघ तिच्यापासून किती दूर आणि लांबीच्या दिशेने किती सरकलेली. रेघ सलग नसेल, तर पेन किती चालवायचं आणि किती उचलायचं, तेही.

विटेच्या भिंतीचं दर्शनी चित्र घ्या. भारतीय मानकातली वीट १९० बाय ९० बाय ९० मिलिमीटरची. दोन विटांमधला मसाला धरला, की दर्शनी बाजूला एका विटेची जागा २०० मिलिमीटर लांब आणि १०० मिलिमीटर उंच होते.

पहिलं कुटुंब आडव्या सांध्यांचं: कोन शून्य अंश, दोन रेघांत अंतर १००. झाले सगळे थर.

दुसरं कुटुंब उभ्या सांध्यांचं: कोन ९० अंश, पेन १०० चालवायचं, १०० उचलायचं. पुढची उभी रेघ १०० मिलिमीटर बाजूला आणि १०० मिलिमीटर वर सरकलेली.

कागदावर पेन्सिलीने चार रेघा ओढून पाहिल्या, की लक्षात येतं: उभा सांधा एका थरात आला, की वरच्या थरात तो अर्धी वीट पुढे जातो आणि त्याच्या वरच्या थरात पुन्हा मूळ जागी येतो. गवंडी सांधमोड करतो ती हीच. दहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच भिंतीवर अशा ५० गुणिले ३०, म्हणजे १५०० विटा दिसतात, आणि फाइलमध्ये असतात नियमाच्या दोन ओळी. भिंत दुप्पट लांब केली तरी दोनच.

४. काळी पडलेली भिंत

हॅच शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला एक प्रसंग येतो. तो भिंत भरायला जातो आणि भिंत काळीकुट्ट होते. कधी उलट घडतं: आज्ञा चालली म्हणून संगणक सांगतो, पण भिंतीत एकही रेघ दिसत नाही. दोन्हींचं कारण एकच, मोजपट्टी.

ऑटोकॅडमधला सर्वांत परिचित नमुना अँसी-३१ या नावाचा आहे. ४५ अंशांच्या रेघा, एकमेकींपासून एक-अष्टमांश इंचावर, म्हणजे ३.१७५ मिलिमीटरवर. हे अंतर कागदावर शोभणारं आहे. पण संगणकात घर खऱ्या मापाने काढतात. नऊ इंची भिंत तिथे २३० मिलिमीटर जाड असते. तिच्यात दर तीन मिलिमीटरला रेघ पडली आणि नकाशा १:१०० या प्रमाणात छापला, की कागदावर दोन रेघांत ०.०३ मिलिमीटर उरतं. शाईला तेवढी जागाच नाही. उपाय सोपा: नमुन्याचं प्रमाण १०० करायचं. आता संगणकात रेघा ३१७.५ मिलिमीटर अंतराने पडतात आणि छापताना शंभरपट लहान होऊन पुन्हा ३.१७५ वर येतात. प्रमाण चुकून १०,००० झालं, तर रेघांमधलं अंतर ३१ मीटरहून मोठं होतं आणि भिंतीच्या वाट्याला एखादी रेघ येईलच याची खात्री राहत नाही.

विटांच्या नमुन्याचं मात्र निराळं आहे. तिथे २०० आणि १०० ही खरी मापं आहेत, त्यांना नकाशाच्या प्रमाणानुसार फुगवायचं नाही. हा भेद पक्का हवा: काही नमुने नुसती खूण असतात आणि कागदाच्या मापाने चालतात, काही प्रत्यक्ष वस्तूचं चित्र असतात आणि वस्तूच्या मापाने चालतात.

वस्तूच्या मापाचा नमुना आला की आणखी एक प्रश्न उभा राहतो: सुरुवात कुठून? फरशीचं उदाहरण यासाठी उत्तम. खोली साडेबारा फूट लांब, फरशी दोन बाय दोन फुटांची. एका भिंतीपासून सुरुवात केली, तर सहा पूर्ण फरश्या बसतात आणि पलीकडच्या भिंतीला सहा इंचांची पट्टी उरते. दारासमोर ती पट्टी वाईट दिसते आणि कापतानाही तुटते. सगळी मांडणी मधोमध आणली, तर दोन्हीकडे तीन-तीन इंचांच्या पट्ट्या येतात, म्हणजे आणखी वाईट. जाणता कारागीर एक पूर्ण फरशी कमी करतो. पाच फरश्यांचे दहा फूट झाले, उरलेले अडीच फूट दोन भिंतींना वाटले की दोन्हीकडे पंधरा इंचांचे भरदार तुकडे येतात. संगणकात हे करायला फक्त नमुन्याचा आरंभबिंदू सरकवावा लागतो. कागदावर तो सरकवायला काही लागत नाही. बसवलेली फरशी उचलायला मात्र पैसे आणि दिवस दोन्ही लागतात.

५. एक रोप, बाराशे जागा

आता शेतात जाऊ. समजा जसोंडीजवळ ६० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद, म्हणजे २७ आरांचा चौकोनी तुकडा आहे. केळी दीड बाय दीड मीटरवर लावायची आहे. बांधापासून पाऊण मीटर सोडून सुरुवात केली, तर लांबीत ४० आणि रुंदीत ३० रोपं बसतात, एकूण १२००.

ड्राफ्ट्समन एक रोप काढतो, छोटं वर्तुळ आणि आत फुली, आणि ॲरेला चार आकडे देतो: ४० स्तंभ, ३० ओळी, अंतर दीड मीटर आणि दीड मीटर. नकाशा तयार. शेतकरी म्हणाला, ओळींत जरा जागा सोडा, फिरता आलं पाहिजे, तर ओळींतलं अंतर १.८ मीटर करून ओळी २५ करायच्या. रोपं झाली १०००. प्रत्येक ओळीला ठिबकची एक नळी धरली, तर आधी ३० ओळींना १८०० मीटर नळी लागत होती, आता २५ ओळींना १५०० मीटर लागेल. दोन आकडे बदलले आणि रोपवाटिकेला द्यायची ऑर्डर आणि नळीची खरेदी दोन्ही बदलली.

इथे ॲरेच्या जोडीला आणखी एक कल्पना काम करते. हजार रोपं म्हणजे हजार वेगळी चित्रं नव्हेत. मूळ चित्र एकच, ज्याला ब्लॉक म्हणतात, आणि बाकी ठिकाणी नुसती नोंद की ते चित्र इथे दाखवा. ही कल्पना आयव्हन सदरलँड यांची. १९६३ साली एमआयटीतल्या त्यांच्या प्रबंधात स्केचपॅड नावाची प्रणाली होती. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने चित्र काढायचं. तिथे मूळ चित्र आणि त्याच्या प्रती असा भेद प्रथम आला. मूळ चित्र सुधारलं, की सगळ्या प्रती आपोआप सुधारत. त्यांनी दाखवलेल्या पहिल्याच उदाहरणात एक षट्कोन काढून, त्याच्या प्रती जोडत जोडत नऊशे षट्कोनांची जाळी केली होती. त्याला साधारण अर्धा तास लागला, आणि तेच हाताने काढायला दोन दिवस लागतील असा ड्रॉइंग विभागाचा अंदाज होता. आज भारतातल्या आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिल शिकणारी मुलं ब्लॉक करतात, तेव्हा ती याच कल्पनेवर उभी असतात. सदरलँड यांना पुढे १९८८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

ब्लॉकचं बळ यंत्रमागाच्या शेडमध्ये नीट दिसतं. समजा शेडमध्ये चार ओळींत सहा-सहा असे २४ माग मांडले आहेत. मालकाने जरा रुंद माग घ्यायचं ठरवलं. ब्लॉकमध्ये मागाची रुंदी एकदाच वाढवली की चोवीसही माग रुंद होतात आणि मधल्या गल्ल्या तेवढ्याच आक्रसतात. कामगाराला उभं राहायला जागा उरली की नाही, ते पडद्यावरच दिसतं. पाया खोदल्यावर कळण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

याच ठिकाणी नवशिके एक चूक हमखास करतात. ॲरेतलं अंतर म्हणजे दोन वस्तूंमधली मोकळी जागा नव्हे. ते एका वस्तूच्या ज्या बिंदूपासून मोजलं, पुढच्या वस्तूच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर असतं. माग दोन मीटर रुंद आणि गल्ली ०.६ मीटर असेल, तर आकडा २.६ द्यायचा. ०.६ दिला तर सगळे माग एकमेकांच्या अंगावर चढलेले दिसतात.

६. खांब एक जास्त

पुनरावृत्तीच्या हिशेबात सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे नग आणि गाळे यांतला फरक. वर आपण बांधापासून पाऊण मीटर सोडलं होतं. समजा सोडलं नाही आणि पहिलं रोप थेट बांधाच्या रेषेवर लावलं. ६० मीटरात दीड मीटरचे गाळे ४०, पण रोपं ४१. रुंदीत गाळे ३०, रोपं ३१. एकूण १२७१. तेच शेत, तेच अंतर, आणि फरक ७१ रोपांचा. टिश्यूकल्चरच्या रोपाला पैसे मोजणाऱ्याला हा फरक खिशात जाणवतो.

गोलाकार मांडणीत हा हिशेब आणखी अवघड वाटतो. पंपाच्या पाइपाला जोडायच्या चकतीवर आठ भोकं असतील, तर ३६० भागिले आठ, म्हणजे ४५ अंशांवर एकेक. वर्तुळ पूर्ण असल्याने शेवटच्या भोकानंतर पुन्हा पहिलं येतं, म्हणून इथे नग आणि गाळे सारखे. अर्धवर्तुळात आठ भोकं हवी असतील, तर गाळे सात. मग १८० भागिले सात, म्हणजे साधारण २५.७ अंश. आठाने भागणारा चुकतो.

तिसरा प्रकार वाटेवरून जाणारा. वळणदार रस्त्याकडेला दिव्याचे खांब उभे करायचे असतात तेव्हा तो लागतो. इथे दोन रीती आहेत, मोजून आणि वाटून. रस्ता ६१० मीटर आणि अंतर ३० मीटर ठरवलं, तर मोजण्याच्या रीतीत २१ खांब बसतात आणि शेवटी दहा मीटर अंधारात उरतात. वाटण्याच्या रीतीत तेच २१ खांब ३०.५ मीटरवर येतात आणि दोन्ही टोकांना दिवा मिळतो. २०११ पासून, म्हणजे ऑटोकॅड २०१२ या आवृत्तीपासून, असा ॲरे आपल्या नियमासह फाइलमध्ये जिवंत राहतो. रस्त्याचं वळण बदललं की खांबही नव्या वळणावर जातात.

७. अर्ध्या रोपाचं काय करायचं

हॅच आणि ॲरे यांतला मूळ फरक हद्दीजवळ उघडा पडतो. हॅच हद्दीपाशी कापला जातो. फरशीचा नमुना भिंतीपाशी आला की तुकडा दिसतो, आणि ते बरोबरच आहे, कारण कारागीरही फरशी कापतोच. ॲरे कापला जात नाही. तो वस्तू पूर्ण ठेवतो, मग ती हद्दीबाहेर का जाईना.

आता आपल्या शेतातून एक नाला कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपा गेला आहे असं धरू. उरला काटकोन त्रिकोण, ६० आणि ४५ मीटर बाजूंचा. क्षेत्रफळ १३५० चौरस मीटर. एका रोपाला सव्वादोन चौरस मीटर धरले तर भागाकार सांगतो ६०० रोपं. ॲरेतून नाल्यापलीकडची रोपं वगळली तरी आत ६०० च राहतात. हिशेब जुळला असं वाटतं. पण नकाशा मोठा करून पाहिला, तर तिरप्या हद्दीलगत दहा रोपं फक्त १५ सेंटीमीटरवर आहेत आणि आणखी दहा ४५ सेंटीमीटरवर. बाकी दोन्हीकडे पाऊण मीटर सोडायचं ठरवलं असेल, तर ही वीस इथेही बसत नाहीत. खरी संख्या ५८०. भागाकाराने हे कधीच कळलं नसतं, एकेक रोप मांडल्यावरच कळलं.

मग कुठे हॅच वापरायचा आणि कुठे ॲरे? यासाठी कामाच्या अंदाजपत्रकाकडे पाहावं. तिथे प्रत्येक बाबीपुढे एकक लिहिलेलं असतं. जी बाब चौरस मीटरमध्ये मोजली जाते तिला हॅच: गिलावा, फरशी, पेव्हर ब्लॉक, कौलं. हॅच निवडला की संगणक त्याचं क्षेत्रफळ सांगतो, विहिरीसारखी बेटं वजा करून. जी बाब नगांत मोजली जाते तिला ब्लॉक आणि ॲरे: खिडक्या, खांब, माग, रोपं. ब्लॉक निवडले की संगणक नग मोजून देतो. पेव्हर ब्लॉकचा ॲरे करणारा माणूस फाइल विनाकारण जड करतो आणि हद्दीवरच्या तुकड्यांशी झगडत बसतो. झाडांचा हॅच करणाऱ्याचा नकाशा देखणा दिसतो, पण झाडं किती असं विचारलं की त्याच्याकडे उत्तर नसतं. दुसरी चूक अधिक महाग पडते.

८. जिथे ॲरे वापरू नये

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीच्या दर्शनी भागात पंधरा कमानी आहेत आणि दोन टोकांना दोन मिनार. फारूकी सुलतान आदिलशाह याच्या काळातली ही सोळाव्या शतकाच्या अखेरची इमारत. आत अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख कोरलेला आहे. नवी इमारत काढायची असती, तर एक कमान काढून तिचा पंधराचा ॲरे करणं योग्य. उभ्या असलेल्या जुन्या इमारतीचं मोजणी-रेखांकन करताना तसं करणं गैर. हाताने घडवलेल्या दगडी कमानींत बोट-दोन बोटांचा फरक पडू शकतो, आणि चार शतकांत पाया थोडा खचला की एखादी कमान वाकडी होऊ शकते. पंधरा कमानी एकसारख्या काढल्या, की दुरुस्ती करणाऱ्याला हवी असलेली नेमकी तीच माहिती पुसली जाते. इथे प्रत्येक कमान वेगळी मोजावी लागते, हाच अशा कामातला कष्टाचा आणि मोलाचा भाग.

सुरुवातीला सांगितलेल्या ओळीच्या विहिरींचं, म्हणजे कुंडी भंडाऱ्याचं, प्रकरण याहून शिकवणारं आहे. जहांगीराच्या काळात, १६१५ मध्ये, अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार असताना सातपुड्यातून जमिनीत झिरपणारं पाणी शहराकडे आणण्यासाठी ही व्यवस्था उभारली गेली. इराणी कनात पद्धतीने ओळीने शंभराहून अधिक कुंड्या खोदल्या आणि त्या तळाशी बोगद्याने जोडल्या. कुंड्यांमधून माती बाहेर काढता आली, बोगद्यात हवा गेली, आणि नंतर देखभालीसाठी खाली उतरता आलं. पाणी पंपाशिवाय केवळ उतारावर वाहतं. २०२४ साली ही जागा युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली.

वरून काढलेल्या नकाशात कुंड्यांची रांग वाटेवरच्या ॲरेसारखी दिसते, आणि ढोबळ आराखड्यासाठी तसं दाखवायला हरकत नाही. पण तिचा उभा छेद काढायला घेतला की ॲरे थांबतो. बोगद्याला अगदी मंद उतार आहे, आणि वरची जमीन मात्र डोंगराकडे चढत जाते. त्यामुळे डोंगराकडच्या कुंड्या खोल आणि शहराकडच्या उथळ. जमिनीची प्रत्येक ठिकाणची उंची आणि बोगद्याच्या तळाची उंची, या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून त्या कुंडीची खोली निघते, आणि ती शेजारच्या कुंडीची नसते. म्हणून छेदातल्या कुंडीसाठी अनुभवी ड्राफ्ट्समन ब्लॉक करतो तो फक्त तोंडाच्या बांधकामाचा. त्याखालच्या दोन उभ्या रेषा तो प्रत्येक कुंडीला तिच्या मोजलेल्या खोलीपर्यंत स्वतंत्र ओढतो आणि भोवतालच्या जमिनीत, कुंड्या आणि बोगदा मोकळे ठेवून, मातीचा हॅच भरतो.